उत्तर मलबार: तेय्यम बघायचं तर सहल कशी आखावी?

शेवंतीचं_झाड

नाताळच्या सुट्टीत आठवडाभर केरळला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, आठवीतला लेक आणि सासूबाई. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरतात, पक्क्या शाकाहारी. उरलेले तिघं पाण्यातलं सगळं खातो.

लेकाने कुठेतरी तेय्यमचे (केरळच्या उत्तर भागात, म्हणजे मलबारात, कण्णूर-कासरगोडकडे रंगवलेल्या चेहऱ्यांनी होणारा देवाचा विधी) व्हिडिओ पाहिले आणि तेव्हापासून "तिथेच जायचं" असा धोशा लावलाय. ट्रॅव्हलवाल्याने आखून दिलेला बेत असा: कोची, मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी, मग ट्रेनने कण्णूर, तिथे एक रात्र, तेय्यम बघून परत. मला ही फार पळापळ वाटतेय, पण "केरळला जाऊन मुन्नार नाही केलं?" असं घरचे विचारणारच. शिवाय ट्रॅव्हलवाल्याला "तेय्यम नक्की कुठे, किती वाजता?" विचारलं तर "तिथे गेल्यावर बघू" म्हणाला. जाणकारांनी मार्गदर्शन करावं. मुंबईहून निघणार, ट्रेन चालेल.

उंडगा

मुन्नार कापा. थेक्कडी कापा. अलेप्पीही कापा. घाटातल्या वळणांत सासूबाईंची अर्धी सुट्टी गाडीतच जाईल. एर्नाकुलम ते कण्णूर हे अंतरही पावणेतीनशे किमीच्या घरात आहे, नकाशावर बोटभर दिसतं म्हणून फसू नका.

ताडमाड

नोकरीनिमित्त कण्णूरला बदली झाली होती, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

उंडगा म्हणतात ते बरोबर, पण कारण नुसतं अंतर नाही. तेय्यम हा "पॉइंट" नाही. मुन्नारचा चहामळा तुम्ही कधीही गेलात तरी तिथेच असतो. तेय्यम विशिष्ट कावात (म्हणजे देवराई म्हणा, देवीचं ठाणं म्हणा) किंवा एखाद्या जुन्या घराण्याच्या अंगणात, वर्षातल्या ठरावीक दिवसांत होतं. एक रात्र हातात ठेवून गेलात आणि त्या रात्री आसपास काही नसलं, तर हॉटेलवाला एखादा पर्यटकांसाठीचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम गळ्यात मारेल. म्हणून आधी तेय्यमच्या तारखा धरा, बाकी सगळं त्यांच्या मधल्या फटीत बसवा.

हंगाम मल्याळी तूळ महिन्याच्या 10 तारखेला, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो आणि मे अखेर-जूनच्या सुरुवातीपर्यंत चालतो. डिसेंबर ते एप्रिल ऐन भर, तेव्हा नाताळ उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांची निराशा होऊ शकते, कारण तेव्हा हंगाम नुकता उघडत असतो, कधी उघडलेलाही नसतो.

तारखा शोधण्याची युक्ती: मल्याळी पंचांग सौर आहे. बऱ्याच कावांचे दिवस त्या पंचांगातल्या तारखेला बांधलेले, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी जवळपास तीच येते, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. गेल्या वर्षीची डिसेंबरची यादी मिळाली तर यंदाचा कच्चा बेत त्यावर होतो. पक्कं मात्र तिथल्या होमस्टेवाल्याला फोन करूनच करा. तिथे पोचल्यावर रिक्षावाल्याला विचारा. नाक्यानाक्यावर कळियाट्टमचे (कावातल्या तेय्यम-उत्सवाचे) फ्लेक्स लागलेले असतात, ते आपल्याला वाचता येत नाहीत पण फोटो काढून त्यालाच दाखवायचा. मी तरी या मार्गाने कधी रिकाम्या हाताने परतलो नाही.

वेळेचं गणित: संध्याकाळी तोट्टम किंवा वेळ्ळाट्टम होतं, म्हणजे कमी वेशातलं, गाण्यावर भर असलेलं रूप. पूर्ण वेशातली तेय्यमं मध्यरात्रीनंतर एकामागून एक निघतात ती सकाळपर्यंत, काही ठिकाणी दुपारपर्यंत. सासूबाईंना रात्रभर बसवू नका. पहाटे चारला उठून जा. अंधारात पेटते पलिते दिसतात, मग उजाडताना तेच रंग उन्हात दिसतात, आणि दहापर्यंत परत हॉटेलवर.

शेवंतीचं_झाड

बापरे, एवढं सविस्तर! खूप आभार. पण मग पहाटेला काही नसलं तर? आणि तेय्यम म्हणजे नेमकं काय बघायचं असतं? नाच? पूजा? नाटक? लेक म्हणतो देव अंगात येतो. सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडे गोंधळात येतो तसा का?"

ताडमाड

काहीच जुळलं नाही तर परश्शिनिकडवू आहे. कण्णूरपासून वीसेक किमी, वळपट्टणम नदीच्या काठावर मुत्तप्पनचं देऊळ. तिथे ठरावीक दिवस सोडले तर बारा महिने रोज तेय्यम होतं, पहाटे आणि संध्याकाळी. देवाला नैवेद्य ताडीचा आणि भाजलेल्या सुक्या मासळीचा. कुत्री देवाची लाडकी, देवळात बिनधास्त फिरतात, कोणी हाकलत नाही. जातपात, धर्म कोणी विचारत नाही. प्रसाद म्हणून चहा आणि उकडलेलं कडधान्य मिळतं. सासूबाईंना मासळीचा नैवेद्य खटकेल का हे तुम्ही जाणा. माझ्या आईला खटकला नाही, "खंडोबाला काय, पुरणपोळीच चालते का?" म्हणाली.

सासूबाईंचा प्रश्न बरोबर आहे, आणि फरकही आहे. मी तुम्हाला एकच गोष्ट बघायला सांगेन: मुखवट्याआधीची वेळ. (मुखवटा नसतोच खरं तर, बहुतेक रूपांत चेहराच रंगवतात.) माणूस झावळ्यांच्या आडोशाखाली उताणा पडलेला असतो, डोक्याशी दुसरा बसून माडाच्या हिराने त्याच्या चेहऱ्यावर रेघ रेघ ओढत असतो. हळद आणि चुना मिसळून लाल, काजळी काळी, तांदळाचं पीठ पांढरं. गप्पाही चाललेल्या असतात, मध्येच कोणीतरी चहा आणून देतो. मग कंबरेला वेश चढतो, पायांत चिलंबू (वाळे), आणि शेवटी देवळासमोर पाटावर बसवून डोक्यावर मुडी, म्हणजे मुकुट, बांधतात. काही मुड्या माणसाच्या दुप्पट उंच. मुडी बांधून झाली की त्याच्या हातात एक छोटा आरसा देतात. तो आरशात बघतो. तिथून पुढे तो देव. थरथर सुरू होते, चेंडे (तिथले ढोल) एकदम चढतात, आणि मघाशी ज्याला चहा दिला त्याच्याच पायाशी तीच माणसं हात जोडून उभी राहतात.

हे करणारी मंडळी वण्णान, मलयन, वेलन, पुलयन अशा जातींतली, पिढीजात. एरवी कोणी रंगकाम करतो, कोणी मजुरी. घराण्याचा मालक, गावचा नंबूदिरी ब्राह्मण, सगळे त्या दिवशी त्याच्यापुढे वाकतात. पोट्टन तेय्यम मिळालं तर अजिबात सोडू नका. शंकराचार्यांना वाटेत चांडाळ भेटतो ही गोष्ट आपण काशीची म्हणून ऐकलेली, तिथे ती त्यांच्या मातीतली आहे, पोट्टन हाच तो चांडाळ. पोट्टन खदिरांगारावर जाऊन पडतो आणि "थंडी वाजतेय" म्हणतो. आणि विचारतो, तुम्हाला कापलं तरी रक्तच ना, आम्हाला कापलं तरी रक्तच ना? हे गाणं ज्यांच्या तोंडी आहे आणि ज्यांना उद्देशून आहे ते दोघं समोरासमोर उभे असतात. मी नास्तिक आहे, तरी मान खाली गेली.

उंडगा

वाचनखूण साठवली. मुन्नारला शेवटचा नारळ.

रुळावरून

ट्रेनबद्दल मी बोलतो.

मुंबईहून दोन सोपे पर्याय. लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती एक्सप्रेस: थेट कासरगोड, कण्णूर, तलश्शेरी. किंवा तिथूनच मत्स्यगंधा, ती मंगळुरूला सोडते. मंगळुरूहून पुढे गाड्या भरपूर, लोकलसारख्याही आहेत. पुणेकरांसाठी पूर्णा एक्सप्रेस मिरज, बेळगाव, मडगाव करत खाली उतरते, पण आठवड्यातून एकदाच.

आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं (1 नोव्हेंबर 2024 पासून, आधी 120 होतं). नाताळची कोकण रेल्वे म्हणजे गोव्याची गर्दी. उघडल्या सकाळीच बसा. सासूबाईंना खालचा बर्थ हवा असेल तर ज्येष्ठांचं तिकीट वेगळं काढण्याचा विचार करा, चौघांच्या एका तिकिटात खालच्या बर्थचा कोटा लागू होत नाही. म्हणजे दोन तिकिटं, सासूबाईंचं एक आणि तिघांचं दुसरं, एकाच डब्यासाठी प्रयत्न. डबे जुळले नाहीत तर टीसीला विनंती.

कासरगोडला उतरा आणि कण्णूर किंवा तलश्शेरीहून परतीची गाडी धरा. त्याच रस्त्याने उलटं यावं लागत नाही.

मोदकमासोळी

मेल्यांनो, देवदेव झाले, खाण्याचं कोण बोलणार?

तलश्शेरी बिर्याणी. लांब दाण्याचा बासमती विसरा, इथे कैमा नावाचा बारीक, बुटका, वासाचा तांदूळ. मटण-चिकन वेगळं शिजतं, भात वेगळा, मग दम. हैदराबादीसारखी तिखट नाही. सोबत खोबऱ्याची चटणी आणि लोणचं. माझ्या मते बिर्याणीत हीच पहिली, बाकीच्यांनी भांडायला यावं.

मग अरिकडुक्का: आपले शिनाणे (काळे शिंपले). त्यात मसाल्याचा तांदूळ भरून आधी वाफवतात, मग मसाला लावून तळतात. सरळ तोंडात टाकायचा. संध्याकाळी चहाबरोबर गाड्यावर मिळतो. पत्तिरी म्हणजे तांदळाची भाकरी, पण इतकी पातळ की माझ्या आजीने पदर खोचून शिकून घेतली असती. उन्नक्काय केळ्याचं, आत खोबरं-काजू. मुट्टमाला मात्र सगळ्यांना जमत नाही: अंड्याच्या बलकाच्या साखरेतल्या शेवया.

मासळीची नावं लिहून ठेवा: मत्ती म्हणजे तारली, अयला म्हणजे बांगडा, अयकूरा म्हणजे सुरमई. खानावळीत "अयला फ्राय" म्हटलं की काम झालं. कुडंपुळीची (कोकमाच्या जातीचं आंबट फळ) आमटी आपल्या सोलांपेक्षा वेगळी लागते, धुरकट. आवडेलच असं नाही.

सासूबाई: पुट्टू-कडला (वाफवलेलं तांदळाचं पीठ आणि काळ्या चण्यांची उसळ), इडिअप्पम (तांदळाच्या शेवया), आप्पम. कासरगोडकडे उडुपी पद्धतीची शाकाहारी हॉटेलं सहज मिळतात. कण्णूर-तलश्शेरीत शोधावी लागतात, पण आहेत. सगळं खोबरेल तेलात, ते त्यांना चालतं का आधी बघा. नाहीतर पहिल्याच दिवशी "केसाला लावायचं तेल!" सुरू होईल.

जास्वंद

मी आई-बाबांना घेऊन गेले होते त्यावरून सांगते. कावात बसायला खुर्च्या असतीलच असं नाही. घडीचं स्टूल बरोबर न्या. चपला बाहेर, त्यामुळे सकाळी दवाने ओल्या मातीवर अनवाणी चालावं लागतं. गुडघेदुखी असेल तर मोजे न्या, कोणी काही म्हणत नाही. स्वच्छतागृह जवळ असेलच असं धरून चालू नका. आणि आजींना पुढे बसवायची घाई करू नका. तेय्यम धावत येतं तेव्हा वाट मोकळी लागते. बायका एका बाजूला उभ्या राहतात, त्यांच्यात जाऊन बसलं की त्याच जागा करून देतात. माझ्या आईचं आणि तिथल्या एका आजींचं तासभर बोलणं झालं, एकीला मराठी, दुसरीला मल्याळम.

आजींसाठी अजून एक: कासरगोडजवळ मधूरचं गणपतीचं देऊळ. नावाला महादेवाचं, पण मान गणपतीचाच. तिमजली छपराची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे. प्रसादाला अप्पम मिळतात. तिथून कुंबळ्याजवळचं अनंतपुरचं तळ्यातलं देऊळ करता येतं. तिथली बबिया नावाची मगर 2022 मध्ये गेली, पुढच्याच वर्षी तळ्यात दुसरी दिसली. मुलगा खूश होईल.

लेन्सवाला

फोटोबद्दल कोणीच बोललं नाही. 70-200 लेन्स पुरते का? रात्रीचं आयएसओ किती ठेवावं? अणियरात (रंगवायच्या जागी) जाऊ देतात का?

ताडमाड

फ्लॅश नाही, ड्रोन नाही. अणियरात विचारून जा, बहुतेक जण हो म्हणतात. काही कावांत आता फोटोला मनाईचे फलक आहेत, तिथे हुज्जत घालू नका.

लेन्सवाला

तिथले स्थानिकच मोबाईल घेऊन पुढे उभे असतात. सगळे नियम बाहेरच्यांनाच का? फोटोंमुळेच तर तेय्यम जगाला कळलं.

जास्वंद

त्यांच्या घरचं कार्य आहे, ते मोबाईल धरतील नाहीतर नाचतील. आपण पाहुणे. लग्नात फोटोग्राफर मुंडावळ्यांसमोर उभा राहिला की आपल्याला काय वाटतं?

लेन्सवाला

पटलं असं नाही, पण फ्लॅश बंद ठेवीन.

शेवंतीचं_झाड

तुम्हा सगळ्यांना दंडवत. घरात मुन्नार रद्द झाल्याची घोषणा झाली आहे, नवरा जरा खट्टू आहे. त्याला किल्ले आवडतात. त्याच्यासाठी काही? आणि एक भीती: "कण्णूर म्हणजे राजकीय खून" असं माझा भाऊ म्हणाला. सुरक्षित आहे ना?

गडकोट

किल्ल्यांचं नाव काढलंत, आता ऐका.

बेकल. कासरगोडपासून सोळाएक किमी, समुद्रात घुसलेलं टेकाड, जांभ्या दगडाची तटबंदी. बांधला कर्नाटकातल्या केळदीच्या शिवप्पा नायकाने, 1650 च्या सुमारास. नवऱ्याला सांगा: याच घराण्याच्या चेन्नम्मा राणीने 1689 मध्ये जिंजीकडे निघालेल्या राजाराम महाराजांना आसरा दिला आणि त्यापायी औरंगजेबाची फौज अंगावर घेतली. बेकलचा त्या प्रसंगाशी थेट संबंध नाही, ते बिदनूरकडे घडलं. पण केळदीकरांची सत्ता कुठवर पोचली होती ते बेकलच्या बुरुजावर कळतं. आत राजवाडा वगैरे काही नाही. हा लढायचा आणि टेहळायचा किल्ला आहे. मधला निरीक्षण बुरूज रुंद उतारावरून चढता येतो. संध्याकाळी जा, दुपारी जांभा भाजतो.

कण्णूरचा सेंट अँजेलो: पोर्तुगीज, 1505, फ्रान्सिस्को द आल्मेदा. 1663 ला डचांकडे, मग 1772 ला त्यांनी तो अरक्कलच्या राजाला विकला, 1790 ला इंग्रजांनी घेतला. तटावरून खाली मोप्पिला बंदर दिसतं, मासेमारीच्या होड्या. जवळच अरक्कल घराण्याचं संग्रहालय. केरळातलं हे एकमेव मुस्लिम राजघराणं, वारसा आईकडून, त्यामुळे गादीवर अनेकदा बीबी असत. लक्षद्वीपची बेटं त्यांच्या ताब्यात होती. तास-दीड तासाचं काम आहे, पण माझ्या मते कण्णूर शहरात बघण्यासारखं हेच.

तलश्शेरीचा किल्ला ईस्ट इंडिया कंपनीचा, 1708 चा, मिरीच्या व्यापारासाठी. आटोपशीर आहे. गुंडर्टचा बंगला मात्र चुकवू नका. हा जर्मन पाद्री, 1872 मध्ये त्याचा मल्याळम-इंग्रजी शब्दकोश आला. लेखक हेर्मान हेसे त्याचा नातू. बासेल मिशनची हीच मंडळी. आपल्या कोकणातल्या घरांवरची मंगलोरी कौलं त्यांच्याच कारखान्यांतून सुरू झाली, 1865 मध्ये, मंगळुरूला.

ताडमाड

राजकारण: तिथे पक्ष घरात असतो. खांबाखांबावर झेंडे, हुतात्म्यांची स्मारकं, वाचनालयंसुद्धा पक्षांची. हाणामाऱ्यांचा इतिहास खरा आहे, पण तो त्यांचा आपसातला. पाहुण्याला झळ लागत नाही. एकच त्रास म्हणजे अचानक पुकारलेला हरताळ, त्या दिवशी रस्त्यावर गाडी मिळत नाही. परतीच्या दिवशी स्टेशनपासून लांब राहू नका.

खरी काळजी गर्दीची आणि फटाक्यांची घ्या. 2024 च्या ऑक्टोबरात निलेश्वरला एका देवळात तेय्यम चालू असताना फटाक्यांच्या साठ्याला आग लागून शंभरावर माणसं भाजली. दारूकाम कुठे ठेवलंय ते गेल्यागेल्या बघून त्याच्या उलट बाजूला बसा.

शेवंतीचं_झाड

ठरला बेत टाकते, झोडपा.

नेत्रावतीने कासरगोड. मधूर, अनंतपुर, संध्याकाळी बेकल. मग निलेश्वर किंवा पय्यन्नूरला दोन रात्री, कारण होमस्टेवाल्या काकूंनी फोनवर सांगितलं की त्या दोन दिवसांत जवळपास तीन कावांत कळियाट्टम आहे (!). दिवसा कव्वायीचं बॅकवॉटर. नंतर कण्णूर: किल्ला, अरक्कल, एक संध्याकाळ परश्शिनिकडवू. शेवटी तलश्शेरी, बिर्याणी, मुळप्पिलंगाडचा गाडी चालवायचा किनारा, परत. नवऱ्याला माहेही हवंय, "फ्रेंच आहे" म्हणून.

उंडगा

माहे फ्रेंच होतं, 1954 पर्यंत. आता पुदुच्चेरीचा तुकडा आहे आणि रस्त्यावर दारूची दुकानं ओळीने. नवऱ्याला फ्रेंचचंच आकर्षण आहे ना, खात्री करून घ्या.

ताडमाड

बेत झकास. दोन बदल सुचवतो. कव्वायीला हाउसबोट करू नका, आयिट्टीच्या धक्क्यावरून सरकारी जलवाहतूक खात्याची प्रवासी बोट मिळते. शाळेची मुलं, मासळीच्या टोपल्या, सगळं त्याच बोटीत. सुटण्याच्या वेळा आदल्या दिवशी काकूंनाच विचारून घ्या. आणि पहिल्याच रात्री पहाटेचं तेय्यम ठेवू नका, ट्रेनचा शीण असतो. पहिल्या संध्याकाळी नुसतं वेळ्ळाट्टम बघा, घरी येऊन झोपा, दुसऱ्या पहाटे मोठी रूपं.

शेवंतीचं_झाड

बदल मंजूर. लेकाचा शेवटचा प्रश्न: तेय्यम लोकांशी बोलतं म्हणे, हात धरून. आपल्याशी बोललं तर काय करायचं? मल्याळम तर येत नाही.

ताडमाड

रांग असते, तिच्यात उभं राहायचं. दक्षिणेची नोट आधी हातात काढून ठेवा, तिथे पाकीट चाचपत बसू नका, मागे पन्नास माणसं असतात. आपली पाळी आली की तो हात धरतो आणि बोलतो, सुरात, भरभर. बाजूला उभा असलेला कोणीतरी मोडक्या हिंदीत सांगतो की कुठून आलात विचारतायत. "मुंबई" म्हणायचं. मग तळहातावर हळद देतो, ती कपाळाला लावायची आणि बाजूला व्हायचं. लेकाला पांढरा शर्ट घालू नका.

मोदकमासोळी

आणि शिनाण्यांचे फोटो टाका गो, नुसते देवाचे नकोत.